नवीन डोमेन घेतलंय, होस्टिंग जोडताना अडकलोय (वायफायवर एक साईट, मोबाईलवर दुसरीच)

टर्निंगवाला
मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी टर्निंग आणि थोडं व्हीएमसीचं जॉबवर्क, जास्त करून पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट. पुण्याच्या एका कंपनीकडं व्हेंडर रजिस्ट्रेशन करायचंय तर त्यांच्या फॉर्मात वेबसाईट आणि कंपनीच्या नावाचा मेल आयडी दोन्ही कंपल्सरी, जीमेल चालत नाही म्हणाले. म्हणून डॉट कॉम डोमेन घेतलं, होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडनं घेतलं कारण तिथं स्वस्त पडत होतं आणि सर्व्हर मुंबईत आहे असं लिहिलं होतं. भाच्यानं पाच पानांची साधी साईट करून दिली, होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये चढवली, मी डोमेनच्या पॅनेलमध्ये जाऊन ए रेकॉर्डला (नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ती नोंद) होस्टिंगवाल्यांनी दिलेला आयपी, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, टाकला. इथवर सगळं त्यांच्या व्हिडिओत दाखवल्याप्रमाणं.

आता गंमत बघा. ऑफिसच्या वायफायवर साईट दिसते. वायफाय बंद करून मोबाईलच्या नेटवर तेच नाव टाकलं की डोमेनवाल्यांचं 'ही वेबसाईट लवकरच येत आहे' वालं पान. शिवाय वायफायवर जी दिसते तिला पण कुलूप नाही, 'नॉट सिक्युअर' येतंय. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फुकटचं एसएसएल (ते कुलूप लावणारं सर्टिफिकेट) आहे, ते चालवलं की फेल. दोन्हीकडच्या कस्टमर केअरशी चॅट करून झालं, हे म्हणतात त्यांना विचारा, ते म्हणतात ह्यांना विचारा. नाव इथं टाकत नाही, उगाच जाहिरात वाटेल.

मिसळ_कट_एक्स्ट्रा
मंगळवार, रात्री १०:२०

४८ तास थांब भावा. डीएनएस, म्हणजे नावावरनं सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, पसरायला वेळ लागतो.

टर्निंगवाला
मंगळवार, रात्री १०:२४

शुक्रवारी केलंय. आज मंगळवार.

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री १०:३१

मोबाईलच्या ब्राउझरची हिस्टरी, कॅशे सगळं उडवा. नाहीतर इनकॉग्निटोत बघा. माझं एकदा असंच झालेलं.

टर्निंगवाला
मंगळवार, रात्री १०:४५

उडवलं, काय फरक नाही. आणि बायकोच्या मोबाईलवर पण तेच जुनं पान येतंय, तिनं ही साईट जन्मात उघडलेली नव्हती, तर तिच्यात कॅशे कुठनं आली? भाच्याच्या मोबाईलवर मात्र नवीन साईट दिसते. तिघांचं सिम एकाच कंपनीचं.

डीएनएस_मास्तर
मंगळवार, रात्री ११:०८

थांबा, गोळ्या झाडायच्या आधी बघूया काय आहे ते. ते ४८ तासांचं प्रकरण कुठनं आलं तेवढं आधी सांगतो कारण प्रत्येक धाग्यात कुणीतरी तेच फेकतं. डॉट कॉमच्या वरच्या रजिस्ट्रीत प्रत्येक डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्याच्या नोंदी सांगणारे सर्व्हर, कुठले ही जी नोंद असते तिचा टीटीएल, म्हणजे ती लक्षात ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. जगातल्या कुठल्याही डीएनएस सर्व्हरनं ती नोंद एकदा वाचली की तो तेवढा वेळ ती लक्षात ठेवू शकतो. म्हणून नेमसर्व्हर बदलले तर दोन दिवस सबुरी ठेवायची हे बरोबर. पण तुम्ही नेमसर्व्हर बदललेलेच नाहीत, तुम्ही नुसता ए रेकॉर्ड बदललाय. त्याला त्याचा स्वतःचा टीटीएल असतो, पॅनेलमध्ये त्याच ओळीत लिहिलेला असतो, ३६०० म्हणजे तास, १४४०० म्हणजे चार तास. तो संपला की विषय संपला. शुक्रवारचं मंगळवारी दिसत नसेल तर तो पसरण्याचा प्रश्न नाही, कुठंतरी चुकीची नोंद जिवंत आहे.

अजून एक, सगळ्यांसाठी. रेकॉर्ड टाकायच्या आधीच अधीर होऊन साईट उघडून बघू नका. तिथं काही नाही हे उत्तर पण डीएनएस सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. मग तुम्ही रेकॉर्ड टाकलात तरी तो 'नाही नाही' म्हणत बसतो.

टर्निंगवाले, डोमेनच्या पॅनेलमध्ये डीएनएस मॅनेजमेंट असं पान असेल. तिथल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा इथं लिहा. तुम्हाला बिनकामाच्या वाटल्या तरी लिहा. आयपी झाकला तरी चालेल.

टर्निंगवाला
बुधवार, सकाळी ८:५०

कॉम्प्युटरवर बसून बघून लिहितोय सर.

ए, नावाच्या जागी @ चं चिन्ह, समोर होस्टिंगचा आयपी, टीटीएल १४४००.
एएएए, नावाच्या जागी @, समोर लांबलचक काहीतरी कोलन कोलन वालं, टीटीएल ३६००. हे मी टाकलेलं नाही, आधीपासनं होतं.
सीनेम, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, समोर @.
एनएस दोन ओळी, डोमेनवाल्यांच्याच.
टीएक्सटी एक, त्यांच्याच कंपनीचं काहीतरी.

एवढंच.

डीएनएस_मास्तर
बुधवार, सकाळी ९:१५

दुसरी ओळ. तीच.

ए रेकॉर्ड म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता, एएएए म्हणजे आयपीव्ही६ चा. डोमेन घेतलं की रजिस्ट्रारवाले, म्हणजे डोमेन विकणारे, त्यांचं 'लवकरच येत आहे' पान दाखवायला कधी कधी दोन्ही टाकून ठेवतात. तुम्ही पहिला बदलला, दुसरा तसाच त्यांच्या पानाकडं बोट दाखवत बसला. तुमच्या ऑफिसचं ब्रॉडबँड बहुतेक फक्त आयपीव्ही४ वर असणार, त्याला दुसरी ओळ वाचायचं कारणच नाही, म्हणून तिथं बरोबर साईट. आपल्याकडं मोबाईल नेटवर, जिओवर तर खास करून, आयपीव्ही६ चालतं आणि दोन्ही पत्ते मिळाले तर फोन आधी आयपीव्ही६ कडं जातो. म्हणून तुमच्या आणि वहिनींच्या फोनवर जुनं पान. भाचा त्यावेळी ऑफिसात वायफायवर असणार, विचारून बघा.

एसएसएल पण ह्याच्यामुळंच फेल होतंय. फुकटचं सर्टिफिकेट बहुतेक लेट्स एन्क्रिप्टचं असतं. ते द्यायच्या आधी त्यांचा सर्व्हर तुमच्या नावावर येऊन एक फाईल शोधतो, ती सापडली तर हे डोमेन ह्याच्याच हातात आहे असं मानतो. आणि एएएए असेल तर तो आधी तिथंच जातो. तिथं कुठली फाईल, तिथं 'लवकरच येत आहे'. म्हणजे तुमचे दोन्ही प्रॉब्लेम एकच आहेत.

होस्टिंगवाल्यांनी तुम्हाला आयपीव्ही६ चा पत्ता दिला असेल तर तो त्या ओळीत टाका. दिला नसेल तर ती ओळ सरळ उडवा. टीटीएल तासाभराचा आहे, दुपारच्या जेवणापर्यंत सगळीकडं दिसेल. मग एसएसएल परत चालवा.

टर्निंगवाला
बुधवार, दुपारी १:४०

मास्तर, नाद खुळा!! ओळ उडवली, तासाभरानं मोबाईलवर साईट आली. एसएसएल चालवलं, पाच मिनिटात कुलूप पण लागलं. आणि व्हय, भाचा वायफायवरच होता.

एक बारकं. एचटीटीपीएस न लावता नुसतं नाव टाकलं की अजून बिनकुलपाची उघडते.

पिक्सेलवाला
बुधवार, दुपारी १:५५

सीपॅनेलमध्ये डोमेन्स म्हणून आहे तिथं जा, नावासमोर 'फोर्स एचटीटीपीएस रिडायरेक्ट'चं बटण आहे, ते ऑन करा. सर्टिफिकेट लागल्यावरच करायचं हे, आधी केलं तर लोकांना लाल पान दिसतं. ते सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं पण आपोआप रिन्यू होतं, त्याची काळजी नाही.

पण मी काय म्हणतो मास्तर, एवढी भानगड कशाला? डोमेनच्या पॅनेलमध्ये होस्टिंगवाल्यांचे दोन नेमसर्व्हर टाकले असते तर ए पण त्यांचा, एएएए पण त्यांचा, सगळं आपोआप. मी माझ्या क्लायंटचं तसंच करतो, आजवर काय अडलं नाही.

डीएनएस_मास्तर
बुधवार, दुपारी २:३०

नवीन डोमेनला चालतंय की, त्यात चुकीचं काय नाही. पण मग डीएनएसची चावी होस्टिंगवाल्याकडं जाते. उद्या होस्टिंग बदललं की नेमसर्व्हर बदलावे लागतात आणि ते बदलले की जुन्या ठिकाणच्या सगळ्या नोंदी एका झटक्यात बाद, मेल कुठं पोचवायची त्या एमएक्स नोंदीसकट. नवीन ठिकाणी त्या कुणीतरी आठवणीनं परत टाकाव्या लागतात. साईट बंद पडली तर माणूस लगेच ओरडतो, मेल बंद पडली तर चार दिवस कळतच नाही, वाटतं गिऱ्हाईकच शांत आहे. ह्यांच्या धंद्यात मेलवर ड्रॉइंग येतं, कोटेशन जातं, त्यामुळं ह्यांना मी डीएनएस डोमेनपाशीच ठेवा म्हणेन. तुम्ही क्लायंटचं सगळं स्वतः सांभाळता तेव्हा तुमची पद्धत तुम्हाला सोयीची.

पिक्सेलवाला
बुधवार, दुपारी २:४१

मेलचा मुद्दा मान्य. बाकी साध्या माणसाला एएएए काय कळणार हा माझा मुद्दा पण आहेच, बघा की, चार दिवस गेले.

शिरोलीकर_फौंड्री
बुधवार, दुपारी ४:१०

मी जरा वेगळं सांगतो कारण आम्ही भोगलंय. आमच्या फौंड्रीची साईट एका डिझायनरनं केली, डोमेन पण त्यानंच घेतलं, आम्ही नुसते पैसे दिले. पुढं त्याचा फोन लागेना. रिन्यूची तारीख आली तर मेल त्याला, ओटीपी त्याला, रजिस्ट्रारवाले म्हणतात ज्याच्या नावावर आहे त्यानं यायचं. आमच्या कॅटलॉगवर, गाडीवर, कास्टिंगच्या पॅकिंगवर सगळीकडं ते नाव छापलेलं. शेवटी ते नाव सोडलं आणि नवीन घेतलं. सातबारावर नाव कुणाचं हे बघितल्याशिवाय कुणी जमीन घेतंय का, मग इथं तसं का करायचं?

टर्निंगवाले, तुम्ही स्वतः घेतलंय ते बेस्ट केलंय. फक्त एवढं बघा की रजिस्ट्रंटच्या (डोमेनच्या मालकाच्या) जागी फर्मचं नाव आहे आणि मेल आयडी असा आहे जो तुम्ही रोज उघडता. आणि तो आयडी त्याच डोमेनवरचा देऊ नका, डोमेन बंद पडलं तर ते चालू करायचं मेल पण त्याच बंद पत्त्यावर जाणार. डॉट कॉम घेतल्यावर एक व्हेरिफिकेशनचा मेल येतो, त्यातली लिंक १५ दिवसात दाबावी लागते, नाहीतर डोमेन थांबवतात. तो आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. स्पॅममध्ये बघा.

टर्निंगवाला
बुधवार, संध्या. ६:०५

बापरे. स्पॅममध्येच होता तो मेल. दाबली लिंक. धन्यवाद दादा.

जुगाडू_गोकुळशिरगाव
बुधवार, रात्री ९:२२

एवढे पैसे घालवण्यापेक्षा वर्कशॉपमधल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाका, राऊटरमधनं पोर्ट उघडा, होस्टिंग फुकट. मी घरी चालवतोय.

डीएनएस_मास्तर
बुधवार, रात्री ९:४०

शिकायला लई भारी, धंद्याला नको. एक तर बरेच ब्रॉडबँडवाले एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतात, तिथं तुम्ही पोर्ट कितीही उघडा, बाहेरनं कुणी आत येणारच नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) वेगळा विकत घ्यावा लागतो. दुसरं, लाईट गेली की साईट गेली. आणि पावसाळ्याचं काय? २०१९ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरला काय झालं बघितलंय ना. पंचगंगा ४३ फुटाच्या धोका पातळीवर गेली की आधी मशीनच्या मोटारी वर काढायच्या का सर्व्हर?

जुगाडू_गोकुळशिरगाव
बुधवार, रात्री ९:४४

आमच्याकडं पाणी येत नाही 😄 पण स्टॅटिक आयपीचं बरोबर आहे, मी पैसे भरतोय त्याचे.

उन्हाळी_कामवाली_ताई
बुधवार, रात्री १०:१५

मध्येच विचारते, राग मानू नका. मी कुरड्या, सांडगे, भरली मिरची करून विकते, इन्स्टावर ऑर्डर घेते. माझं गूगलचं फुकट वेबसाईटवालं पान होतं, मॅपच्या प्रोफाईलला जोडलेलं, ते मधेच गायब झालं. त्याचं काय झालं? आणि मला पण असं होस्टिंग घ्यावं लागेल का?

पिक्सेलवाला
बुधवार, रात्री १०:३२

ताई, ते गूगलनंच मार्च २०२४ मध्ये सगळ्यांचं बंद केलं, तुमचं एकटीचं नाही. तुमचं मॅपवरचं प्रोफाईल आहे तसं आहे, फक्त ती साईट गेली. दुसऱ्याच्या अंगणात फुकट मिळतं ते असंच जातं.

तुम्हाला एक-दोन पानंच पाहिजेत, फोटो, भाव आणि व्हॉट्सॲपचं बटण, तर लगेच होस्टिंग घेऊ नका. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या आणि ते तूर्त इन्स्टाच्या पानाकडं फॉरवर्ड करा, बहुतेक रजिस्ट्रारकडं ती सोय असते. पाकिटावर स्वतःचं नाव छापून होतं. नंतर साईट केली तर पाकीट बदलावं लागत नाही, फक्त फॉरवर्ड काढायचं.

मिसळ_कट_एक्स्ट्रा
बुधवार, रात्री १०:३५

ताई भरली मिरची कुठं मिळंल? धागा भरकटवत नाही, फक्त विचारतोय.

टर्निंगवाला
गुरुवार, सकाळी ११:२०

परत मीच. साईटवर निम्मे फोटो दिसत नाहीत, तुटक्या चित्राची खूण येते. भाच्याच्या लॅपटॉपवर सगळे दिसतात. फाईल सर्व्हरवर आहेत, मी फाईल मॅनेजरमध्ये जाऊन बघितलं, पब्लिक एचटीएमएल फोल्डरमध्ये इमेजेस म्हणून फोल्डर आहे त्यात सगळे आहेत.

रंकाळाकाठ
गुरुवार, सकाळी ११:३८

हे मला माहितीय! कॅमेऱ्यातनं आलेल्या फाईलचं शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये असतं आणि कोडमध्ये पोरं स्मॉलमध्ये लिहितात. विंडोजला दोन्ही एकच, लिनक्सच्या सर्व्हरला दोन वेगळ्या फाईल. नावं सगळी स्मॉल करा, मधल्या जागा काढा, डॅश घाला.

टर्निंगवाला
गुरुवार, दुपारी १२:५०

तेच होतं. एक फोटो 'बुश फायनल' असा होता, मध्ये जागा, तो पण आता सरळ आला. पण साईट उघडायला फार वेळ लागतोय, मुंबईचा सर्व्हर असून.

पिक्सेलवाला
गुरुवार, दुपारी १:०५

फोटो केवढे आहेत? कॅमेऱ्यातनं काढलेले तसेच चढवले असतील तर एकेक पाच-सहा एमबीचा असणार. मुंबईचा सर्व्हर काय करणार त्याला. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी नाहीतर जेपीजीत सेव्ह करा, एकेक दीडशे-दोनशे केबीत बसतो. जॉबचा फोटो असल्यानं फिनिश दिसायला पाहिजे हे मान्य, पण पुण्याचा परचेसवाला झूम करून रफनेस मोजणार नाही.

आणि होस्टिंग कंपन्या 'अनलिमिटेड' लिहितात त्याला भुलू नका. जागेची मर्यादा नसली तरी फाईलच्या संख्येची असते, त्याला आयनोड म्हणतात, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पाच पानांच्या साईटला त्याचा काही त्रास नाही, पण वर्डप्रेस टाकून त्यात सतरा प्लगिन, रोजचे बॅकअप तिथंच साठवले तर भरतं. बॅकअप घ्या तो उतरवून घरी आणा. त्याच सर्व्हरवरचा बॅकअप सर्व्हर गेला की जातो.

टर्निंगवाला
शुक्रवार, रात्री ८:१५

साईट झाली, आता मेल. होस्टिंगसोबत फुकट मेल आहे, शंभर अकाउंट काढा म्हणतात. मला चार पाहिजेत, मी, अकाउंट, क्वालिटी आणि डिस्पॅच. हेच वापरू का वेगळं विकत घेऊ?

डीएनएस_मास्तर
शुक्रवार, रात्री ८:४८

वेगळं घ्या. स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपीवरनं शेकडो लोकांचे मेल जातात, त्यातला एखादा कचरा पाठवत असला की त्या आयपीचं नाव खराब होतं आणि तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं. तुम्हाला कळतही नाही. झोहो, गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट, जे परवडेल ते. चारच डबे (मेलबॉक्स) आहेत.

ते घेतल्यावर डीएनएसमध्ये तीन गोष्टी टाकायला सांगतील. एमएक्स, म्हणजे ह्या नावाची मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची. एसपीएफ, एक टीएक्सटीची ओळ, ह्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे ती. आणि डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर सही असते ती तपासायची चावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी सगळ्यांनाच बंधनकारक केलंय, दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना तर दोन्ही आणि वर डीमार्क, म्हणजे ह्या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी ओळ. तुम्ही दिवसाला वीस पाठवाल, तरी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

एसपीएफची ओळ एका डोमेनला एकच असते. होस्टिंगवाले म्हणतात आमची टाका, मेलवाले म्हणतात आमची टाका, लोक दोन टाकतात आणि दोन झाल्या की समोरचा दोन्ही बाद धरतो. दोघांचे इनक्लूड एकाच ओळीत घालायचे.

टर्निंगवाला
शनिवार, दुपारी ३:३०

मेल घेतली, एमएक्स टाकले, जीमेलवर पाठवून बघितलं, इनबॉक्समध्ये गेली, मेलच्या डिटेलमध्ये एसपीएफ पास, डीकेआयएम पास. बाहेरनं येणाऱ्या पण येतायत. पण साईटवर भाच्यानं जो 'इन्क्वायरी पाठवा' फॉर्म केलाय तो भरला की 'धन्यवाद' म्हणतो आणि मेल काय येत नाही. स्पॅममध्ये पण नाही.

डीएनएस_मास्तर
शनिवार, दुपारी ३:५२

हा खास सीपॅनेलचा प्रकार. तुमच्या होस्टिंग सर्व्हरला अजून वाटतंय की ह्या डोमेनच्या मेलचा मालक तोच आहे. फॉर्म त्याच सर्व्हरवरनं तुमच्याच डोमेनला मेल पाठवतो, तेव्हा तो बाहेर एमएक्स बघायला जातच नाही, स्वतःच्या घरातच डबा शोधतो. तिथं त्या नावाचा डबा काढून ठेवला असेल तर मेल त्यात पडत असणार, नसेल तर परत फिरत असणार.

सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' शोधा, तिथं 'लोकल' निवडलेलं असेल, ते 'रिमोट मेल एक्स्चेंजर' करा. बाकी कशाला हात लावू नका.

टर्निंगवाला
शनिवार, दुपारी ४:२०

होस्टिंगच्या वेबमेलमध्ये जाऊन बघितलं तर तिथं भाच्यानं टेस्टला काढलेला डबा होता आणि त्यात सात इन्क्वायऱ्या पडलेल्या!! सहा आमच्याच टेस्टच्या, एक खरी, बेळगावच्या एका पंपवाल्याची. रिमोट केलं, आता सरळ येतंय. बेळगावकरांना फोन लावतो.

शिरोलीकर_फौंड्री
शनिवार, दुपारी ४:३१

आधी फोन करा, धागा नंतर 😄

कागलचा_पोरगा
रविवार, सकाळी १०:१०

मस्त धागा. एक शंका, डॉट भारतमध्ये मराठीत नाव घेतलं तर कसं? आमच्या गुऱ्हाळाचं नाव देवनागरीत घ्यायची घरच्यांची लई इच्छा आहे.

डीएनएस_मास्तर
रविवार, सकाळी १०:४०

घ्या की, २०१४ पासून देवनागरीत मिळतंय, डॉट इन बघणारी निक्सीच ते पण बघते. आतनं डीएनएस मात्र अजून इंग्रजी अक्षरंच ओळखतं, त्यामुळं तुमचं नाव पडद्यामागं एक्स एन आणि दोन डॅशनं सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत बदलतं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डोमेन जोडताना बऱ्याचदा तेच रूप टाकावं लागतं. साईटला अडचण नाही. मेलला आहे, मराठी पत्ता कितीतरी फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून बिलावर आणि मेलला डॉट इन नाहीतर डॉट कॉम, गुळाच्या बॉक्सवर मराठी नाव, आणि मराठी नाव पहिल्याकडं फॉरवर्ड. मुंबईच्या गिऱ्हाइकाला टाईप करायला जड जाईल तर शेजारी क्यूआर छापा.

टर्निंगवाला
रविवार, रात्री ९:००

अजून एक. डोमेन घेतल्यापासनं रोज फोन येतायत, वेबसाईट करून देऊ, एसइओ करून देऊ. आणि आज एक मेल आलाय, तुमच्या डोमेनची सर्च इंजिन नोंदणी संपत आलीय, पैसे भरा. भरायचे का?

पिक्सेलवाला
रविवार, रात्री ९:०६

अजिबात नाही! सर्च इंजिनला नोंदणी फी असा प्रकारच नसतो. पैसे फक्त डोमेन, होस्टिंग आणि मेल जिथनं घेतलंय तिथंच आणि तुम्ही स्वतः लॉगिन करून भरायचे, मेलमधल्या लिंकवरनं नाही. उद्या एखादा मेल येईल की चीनमध्ये कुणीतरी तुमच्या नावाचं डोमेन घेतंय, लगेच कळवा, तो पण जुना धंदा आहे. रजिस्ट्रारकडं प्रायव्हसीचा पर्याय असेल तर ऑन करा, फोन कमी होतील. डॉट कॉमला बऱ्याच ठिकाणी फुकट असतो.

टर्निंगवाला
रविवार, रात्री ९:१५

ऑन केला. रिन्यूचं काय? ऑटो रिन्यूला कार्ड टाकून ठेवलंय.

शिरोलीकर_फौंड्री
रविवार, रात्री ९:३३

त्या ऑटोवर झोपू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदललेत, कार्डवरनं आपोआप पैसे कापायला बँकेकडं ई-मँडेट (आधी दिलेली परवानगी) लागतं, बाहेरच्या देशातल्या रजिस्ट्रारचं असलं की कितीतरी वेळा कापलेच जात नाहीत. डॉट कॉम संपलं की काही दिवस साध्या भावात रिन्यू करू देतात बहुतेकजण, ते गेले की ३० दिवस रिडेम्पशन, म्हणजे नाव सोडवून घ्यायची मुदत, त्यात दंडासकट जबर पैसे, ते पण गेले की नाव मोकळं आणि कुणीही उचलतो. त्यापेक्षा आत्ताच लांब मुदतीचं भरा, डॉट कॉम १० वर्षांपर्यंत भरता येतं. आणि बिलावर जीएसटी नंबर टाका, १८ टक्के इनपुटला मिळतील.

टर्निंगवाला
रविवार, रात्री ९:५०

पाच वर्षांचं भरतो मग. होस्टिंग पण तीन वर्षांचं भरू का? ऑफर दाखवतंय.

डीएनएस_मास्तर
रविवार, रात्री १०:०२

नको. होस्टिंग आवडलं नाही तर सोडता आलं पाहिजे. आता तुमचं डोमेन, डीएनएस, मेल सगळं वेगळं आहे, होस्टिंग बदलायचं तर फाईल उचलायच्या आणि एक ए रेकॉर्ड बदलायचा.

पिक्सेलवाला
रविवार, रात्री १०:११

मास्तर, इथं मी विरोधात. ती सूट पहिल्या बिलालाच असते. एक वर्षाचं घेतलं तर एक वर्ष स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट. तीन वर्षांचं पहिल्याच बिलात घेतलं तर तिन्ही वर्षं स्वस्त. रिन्यूचा भाव कार्टमध्ये बारीक अक्षरात असतो, तो बघून हिशोब करा.

डीएनएस_मास्तर
रविवार, रात्री १०:१८

हिशोब बरोबर आहे, पण ह्यांचं पहिलं बिल झालंय की. आता पुढचं भरलं तर रिन्यूच्याच भावात पडणार. ऑफर म्हणून दाखवतायत ती नीट वाचा, मूळ भाव खोडून दाखवला म्हणजे स्वस्त असं नसतं.

टर्निंगवाला
रविवार, रात्री १०:४०

वाचलं. तीन वर्षांची ऑफर म्हणतायत तिचा महिन्याचा भाव मी आत्ता भरतोय त्याच्या दुपटीच्या वर आहे. नाही भरत. वर्ष संपायच्या महिनाभर आधी बघू, तेव्हा दुसरीकडचा पहिल्या बिलाचा भाव स्वस्त पडला तर फाईल उचलतो. व्हेंडरचा फॉर्म उद्या सकाळी भरून पाठवतो नवीन मेलवरनं.